श्पार्गेलच्या नादी लागलेले अण्णा

मु. कोलोन, २५ जून

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

अण्णा नीट जेवतात ना, हा तुमचा दर फोनमधला प्रश्न. त्याचं खरं उत्तर फोनवर देता येत नाही, कारण अण्णा शेजारीच कान देऊन बसलेले असतात. म्हणून हे पत्र. पुढेमागे ते कुणाच्याही हाती पडलं तरी भांडण नको, यासाठी मजकूर बातमीदाराच्या थाटात लिहिला आहे. लिहिणारीचा उल्लेख ‘धाकटी सून’ असा येईल आणि तुमच्या दिरांचा ‘चिरंजीव’ असा.

तर बातमी अशी की अण्णा जेवतात, आणि जेवतात ते जर्मन भाजी.

एप्रिलच्या सुरुवातीला माई-अण्णा इथे उतरले तेव्हा दोघांची तोंडं दोन दिशांना होती. माई बाळंतपणाला आलेल्या, त्यामुळे खुशीत. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि शतावरी कल्पाचे डबे. अण्णांना मात्र झाडावर आंबा तयार होत असताना रत्नागिरी सोडावी लागली होती. जन्मात पहिल्यांदाच. पाव कडक, भात गिचका, चहा पांचट असं रोज एकेक निकालात निघत होतं. चिरंजीवांनी समजूत घालायला म्हणून दुकानातून आंबा आणला. त्यावरच्या चिठ्ठीवर देशाचं नाव होतं पेरू. अण्णांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, आंबा टेबलावर ठेवला आणि दुपारभर कुणाशी बोलले नाहीत.

एप्रिलच्या मध्याला गावाचा नूर पालटला. रस्त्याच्या कडेला लाकडी टपऱ्या उभ्या राहिल्या. हॉटेलांच्या दारात नव्या पाट्या लागल्या आणि आत वेगळं मेनूकार्ड आलं. ट्रॅममधून उतरणाऱ्या बायांच्या पिशव्यांतून पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या जाड कांड्या डोकावू लागल्या. हा श्पार्गेल, म्हणजे पांढरा अस्पॅरॅगस. जर्मनीत उघड्या शेतात होणाऱ्या भाज्यांमध्ये सगळ्यात जास्त जमीन याच्या वाट्याला येते आणि वर्षाला एक लाख टनांहून जास्त पीक निघतं. ते बहुतेक सगळं दोन-अडीच महिन्यांत फस्त होतं.

चिरंजीव किलोभर घेऊन आले. हंगामाची सुरुवात असल्याने किलोला पंधरा युरोंच्या वर भाव. अण्णांनी मनातल्या मनात रुपये केले आणि खुर्चीचा हात धरला. मग चिरंजीवांनी त्या कांड्या न सोलता उकडल्या. हिरवा अस्पॅरॅगस सालासकट चालतो, पांढऱ्याचं साल म्हणजे सुतळी. अण्णांनी शेवग्याची शेंग खावी तशा सगळ्या चघळल्या, चोथा ताटाच्या कडेला नीट रचला आणि म्हणाले, ‘मोटारी चांगल्या करतात हो हे लोक.’

वरच्या मजल्यावरच्या आजी बाळाला बघायला आल्या त्या नेमक्या तेव्हा. तो चोथा बघून त्या इतक्या हसल्या की बाळ दचकून उठलं. दुसऱ्या दिवशी सोलाणं, उंच पातेलं आणि दोन किलो श्पार्गेल घेऊन त्या खाली आल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. माईंना जर्मन येत नाही, आजींना मराठी येत नाही. काही अडलं नाही. कोंब तळहातावर आडवा धरायचा, शेंड्याच्या जरा खालून सोलायला सुरुवात करायची आणि बुडाकडे जाताना हात सढळ करायचा. बुडाचा निबर तुकडा कापायचा. उकळत्या पाण्यात मीठ, चिमूटभर साखर, लोण्याचा गोळा. सुरी सहज रुतली की काढायचं. सालं फेकायची नाहीत, ती उकळून सूप करायचं. इथे माईंनी मान डोलावली. सालं न फेकणारी बाई माईंच्या हिशेबात चांगल्या घरची.

अडलं ते सॉसवर. हॉलंडेझ सॉस म्हणजे लोणी आणि अंड्याचं पिवळं. माईंचा चेहरा बघून आजींनी भांडं बाजूला ठेवलं आणि नुसतं लोणी वितळवायला घेतलं. तीही इथली जुनी, घरगुती रीत आहे. माई उठल्या, फडताळातून साजूक तुपाची बरणी काढली आणि गरम कोंबांवर धार धरली. सोबत उकडलेले बटाटे.

पहिला घास अण्णांनी तोंडात बराच वेळ घोळवला. श्पार्गेलचा शेंडा मऊ असतो, दांड्यातून पाणी सुटतं, आधी हलकी गोडी लागते आणि गिळताना किंचित कडसर चव मागे राहते. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी ताट पुढे केलं आणि ‘तूप’ एवढंच म्हणाले. आजींनीही तूपच घेतलं. ती बरणी आता संपली आहे, म्हणून मध्ये तुमच्याकडे तुपाची मागणी आली होती.

पण धाकट्या सुनेचं मत विचाराल तर अण्णा चवीवर भाळले नाहीत, चोखंदळपणावर भाळले. हे कळलं शनिवारच्या बाजारात. विक्रेत्याने दोन कोंब हातात घेऊन एकमेकांवर घासले, तर चक्क ‘चुंई’ असा आवाज आला. ताजा माल असाच वाजतो, शिळा मुका होतो. अण्णांनी त्याला पुन्हा घासायला लावलं, मग स्वतः घासले, मग शेजारच्या गाड्यावरचे घासून आले. कापलेलं बूड दाबून ओल बघायची, शेंडा घट्ट मिटलेला हवा, कोंब सरळ हवा. सरळ-जाड मालाचा भाव वेगळा, वाकड्याचा वेगळा आणि मोडक्या तुकड्यांचा सूपवाल्यांसाठी आणखी वेगळा. देठाशी नाक नेऊन आंबा पारखणाऱ्या आणि न कापता साका, म्हणजे आतला बिघडलेला गर, ओळखल्याचा दावा करणाऱ्या माणसाला परक्या मुलखात आपली जात सापडली. त्यातून कळलं की हंगामाआधी ग्रीस-स्पेनचा माल येतो, पण इथले जुने लोक त्याला हात लावत नाहीत, आपल्या गावचा निघेपर्यंत थांबतात. अण्णांनी त्या विक्रेत्याला कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून कसा खपवतात ते मराठीतून समजावलं. विक्रेता गंभीरपणे ऐकत होता. सोलण्याचं यंत्र त्याच्याकडे होतं, ते मात्र अण्णांनी नाकारलं. घरी माई आहेत म्हणाले.

पुढचा हट्ट शेत बघण्याचा. कोलोन आणि बॉनच्या मध्ये बोर्नहाइम आहे, अठरा नंबरची ट्रॅम थेट जाते. तिथल्या श्पार्गेलला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे आपल्या हापूसला २०१८ साली मिळालं तसलंच. शेतात गुडघ्याच्या वरपर्यंत मातीचे लांबच लांब वरंबे. कोंब या मातीच्या आत वाढतो, ऊन लागत नाही म्हणून पांढरा राहतो. डोकं बाहेर काढलं की आधी जांभळा, मग हिरवा. वरंब्यावर प्लास्टिक, एका बाजूने काळं, दुसऱ्या बाजूने पांढरं. माती तापवायची तर काळी बाजू वर, पीक जरा थोपवायचं तर पांढरी. मजूर वाकून दोन बोटांनी कोंबाभोवतीची माती मोकळी करतो, लांब सुरी खाली घालून कापतो आणि थापीने वरंबा पुन्हा लिंपतो. दिवसभर हेच, कमरेत वाकून.

ही माणसं बहुतेक रुमेनिया-पोलंडची. २०२० साली करोनाने सरहद्दी बंद झाल्या तेव्हा जर्मन सरकारने एप्रिल आणि मे महिन्यात चाळीस-चाळीस हजार हंगामी मजुरांना येऊ देण्याचं ठरवलं होतं, तेही विमानाने. सगळा देश घरात बसलेला आणि श्पार्गेल काढायला विमानं सुटलेली. अण्णांना यात काही विशेष वाटलं नाही. आपल्या बागेत राखणीला नेपाळहून माणसं येतात, यांच्याकडे रुमेनियाहून, एवढंच म्हणाले. मग बराच वेळ त्या वाकलेल्या माणसांकडे बघत राहिले आणि ‘मजुरी काय मिळते यांना?’ असं चिरंजीवांना विचारलं. चिरंजीवांना सांगता आलं नाही.

बोर्नहाइमचा खरा मान माईंनी मिळवला. एका कडेच्या तुकड्यात नवी लागवड होती. पहिली दोनेक वर्षं कोंब फारसे काढत नाहीत, झाड वाढू देतात. तिथे कमरेएवढी, धुरकट हिरवी, बारीक बारीक पानांची झुडपं डुलत होती. माई थबकल्या. ‘अगो, ही तर शतावरी!’ चिरंजीव हसले, मग त्यांनी फोनवर शोधलं आणि हसू आवरलं. दोन्ही एकाच कुळातल्या, अस्पॅरॅगसच. आपल्याकडे मूळ औषधाला घेतात, इथे कोंब खातात. म्हणजे बाळंतिणीसाठी माई जे डबे एवढ्या लांब वाहून घेऊन आल्या, त्याच्या चुलत भावंडासाठी सगळा गाव रांग लावून उभा होता. धाकट्या सुनेचे शतावरीचे पेले त्या दिवसापासून एकाचे दोन झाले. तक्रार करायला जागा राहिलेली नाही.

आणखी एक गोष्ट, ती तुम्हालाच म्हणून. श्पार्गेल खाल्ल्यावर पहिल्या सकाळी अण्णा न्हाणीघरातून बाहेर आले ते पांढरेफटक. लघवीला भलताच वास येतो, मूत्रपिंडं गेली असणार, विम्याचे कागद काढा. हा वास या भाजीचाच. तिच्यातलं एक आम्ल पोटात मोडतं आणि गंधकाचे पदार्थ तयार होतात. गंमत म्हणजे तो सगळ्यांना येतच नाही, पुष्कळांची नाकं जन्मतःच त्याला बहिरी असतात. माईंना अजिबात येत नाही. हे कळताच अण्णांची भीती गेली आणि गर्व आला. आपलं नाक वेगळं आहे हे ते चाळीस वर्षं सांगत होते, आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला.

पावसाच्या एका दुपारी थोरल्या नातवाला घेऊन ते वालराफ संग्रहालयात गेले, कारण तिथे श्पार्गेलचं चित्र आहे असं आजी म्हणाल्या होत्या. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८८० साली काढलेली जुडी. शार्ल एफ्रुसी नावाच्या रसिकाने ती ८०० फ्रँकला ठरवली आणि १००० पाठवले. तेव्हा मानेने एकच कोंब असलेलं आणखी एक छोटं चित्र काढून त्याला पाठवलं, तुमच्या जुडीतला एक राहिला होता अशा अर्थाची चिठ्ठी जोडून. तो सुटा कोंब आता पॅरिसमध्ये आहे, जुडी इथे. नातवाने फलक वाचून हे सांगितल्यावर अण्णा खूश. डझनामागे एक आंबा वर टाकणारा माणूस कधी बुडत नाही, म्हणाले, आणि चित्रातल्या कोंबांची बुडं ताजी आहेत की नाहीत ते चष्मा लावून पाहिलं. पहारेकऱ्याने त्यांना दोनदा मागे सरकवलं.

काल हंगाम संपला. २४ जून, संत योहानाचा दिवस, हा शेवटचा. चेरी लाल झाली की श्पार्गेल मेला, असं इथे म्हणतात. जमिनीतून कोंब येत असतात, तरी कापणं थांबवतात. उरलेला उन्हाळा झाडाने पाला धरायचा, मुळांत साठा करायचा, तर पुढच्या वर्षी पीक. हे आजींकडून समजल्यापासून अण्णांनी जो धोशा लावला आहे, तो निरोप जसाच्या तसा पोचवणं भाग आहे: दादांना सांगावं की यंदा जुन्या कलमांना मोहोरासाठी कल्टार घालू नये. जर्मन लोकसुद्धा झाडाला विश्रांती देतात. वहिनी, निरोप कधी सांगायचा ते तुम्ही बघा. दादा जेवत असताना नको.

दुसरा निरोप विहिरीकडच्या गडग्यावरच्या शतावरीबद्दल. पाऊस लागला की ती फुटेल, तिला कुणी तोडू नये. अण्णा आल्यावर तिच्यावर मातीचा ढीग घालून पांढरे कोंब काढून दाखवणार आहेत. तिला काटे असतात, हे माईंनी सांगून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात दोघं निघतील. बॅगेत दोन सोलाणी आहेत आणि आजींनी भेट दिलेलं ते उंच, अरुंद, आत जाळीची टोपली असलेलं पातेलं. श्पार्गेल उभा ठेवून उकडण्यासाठीच ते बनवतात. ओट्यावर जागा करून ठेवा. त्यात अळूवडीचे उंडे उभे वाफवता येतील आणि एका वेळी सहा मावतील, असं माईंनी मापून पाहिलं आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
धाकटी जाऊ