छपरावरचे काका

न्यू जर्सीतल्या निवृत्त मराठी इंजिनिअरांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक सहा महिने पुण्यात, सहा महिने इथे राहतो आणि जिथे असेल तिथे दुसरीकडच्या हवेचं कौतुक करतो. दुसरा सोळा फुटी ट्रेलर विकत घेतो. आमचे काका दुसऱ्या प्रकारातले.

ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. तीत पलंग, शेगडी, मोरी, संडास सगळं असतं. नसते ती दोन माणसांना एकमेकांना ओलांडून जाण्याइतकी जागा. लोक ती निसर्गात जायला घेतात. काकांनी घेतली, कारण तिला छप्पर होतं आणि छपरावर अँटेना नव्हती.

ज्याचे हात जरा चालतात असा माणूस अँटेना बसवायचं काम एका शनिवारी उरकतो. काकांचा अख्खा एप्रिल त्यात गेला. छपराला भोक पाडायचं, या विचारानेच ते आठवडाभर गप्प होते. त्यांच्या ट्रेलरचं छप्पर म्हणजे पातळ लाकडी फळीवर चिकटवलेलं रबर. भोकातून पाणी मुरलं की फळी आतल्या आत कुजते, आणि ते आपल्याला कळतं छताला डाग पडल्यावर. म्हणून अँटेनेच्या बुडाखाली ब्युटाइलची चिकट पट्टी, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आपोआप पसरणारं सीलंट, आणि मनाची खात्री पटेना म्हणून त्यावर पुन्हा सीलंट. अँटेना एकवेळ उडून जाईल. सीलंट छपरावर राहील.

अँटेनेच्या आत बूस्टर आहे. त्याला लागणारी बारा व्होल्टची वीज ज्या केबलमधून वर जाते, त्याच केबलमधून टीव्हीचा सिग्नल खाली येतो. हे वाक्य काका कुठल्याही गप्पांत आणू शकतात. मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी ते व्याह्यांना ऐकवलं. तरी लग्न झालं, हा व्याह्यांचा मोठेपणा.

कॅम्पग्राउंडवर जागा निवडताना लोक झाडं बघतात, पाणी बघतात. काका होकायंत्र बघतात. "ओढ्याकाठी नको, खोलगट आहे. यूएचएफला समोर मोकळं लागतं. आणि झाडं तर नकोतच, ओली पानं सिग्नल खातात." त्यामुळे पोकोनोच्या डोंगरात जाऊन काकूंना दरवेळी कचऱ्याच्या डब्यांशेजारची उंच, उघडीबोडकी जागा मिळते. न्यूयॉर्कचे मनोरे दूर, डोंगरांपलीकडे. मग रोख विल्क्स-बॅरीजवळच्या पेनॉब्स्कॉट नॉबकडे, जिथून स्क्रँटन भागातली स्टेशनं दाखवली जातात. स्क्रँटनमध्ये उद्या पाऊस आहे की नाही, हे काकांना आपल्या गावच्या पावसाच्या आधी कळतं.

अँटेना वर करायचं आणि फिरवायचं हँडल आत, छताला असतं. एकट्याचं काम. पण काका बाहेर शिडीवर चढतात, हँडल काकूंकडे.

"डावीकडे घे. तुझ्या डावीकडे नाही गं, वायव्येला! आलं का?"

पुण्यात गच्चीवरून सिंहगडाच्या मनोऱ्यावर नेम धरायचे, तेव्हा या प्रश्नाला खालून पायरीपायरीने उत्तर देता यायचं. मुंग्या आहेत. मुंग्या कमी झाल्या. एका माणसाची दोन दिसतायत. बरंय, राहू दे. जून २००९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या स्टेशनांनी जुनं ॲनलॉग प्रक्षेपण बंद केलं, आणि 'बरंय, राहू दे' निकालात निघालं. आता चित्र लख्ख येतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गोठतं, नाहीतर येतच नाही. ज्या तीन शब्दांवर संसार तरला होता, ते सरकारी आदेशाने गेले.

उरलं बूस्टरचं बटण. भिंतीवर आहे, त्याचा हिरवा दिवा लागला नाही तर अँटेना कुठेही फिरवा, हाती फारसं काही लागत नाही. काकूंना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बटण त्या चहा संपल्यावर दाबतात. काका शिडीवर असेपर्यंत सोळाच्या सोळा फूट त्यांचे असतात.

चॅनेल सापडले की काका हात पुसून आत येतात. एका ठिकाणी जुने घोडेस्वार, एका ठिकाणी प्रवचन, एका ठिकाणी अंगठ्यांची विक्री. काका यातलं काही बघत नाहीत. ते सिग्नलची ताकद दाखवणारी पट्टी उघडतात, ती हिरवी असल्याची खात्री करतात आणि बॅटरी उतरेल म्हणून टीव्ही बंद करतात.

मग त्यांची नजर शेजारच्या ट्रेलरवर जाते. गेल्या खेपेस तिथे एक म्हातारं अमेरिकन जोडपं होतं आणि त्यांची अँटेना चक्क ओढ्याकडे तोंड करून उभी. काकांना जेवण गेलं नाही. ते अदबीने जाऊन म्हणाले, "माफ करा, पण तुमची दिशा चुकली आहे." म्हातारा म्हणाला, ती ट्रेलरबरोबरच आली होती, आम्ही टीव्ही बघत नाही. काकांनी शिडी आणली. अंधार पडला तरी म्हातारा टॉर्च धरून उभा होता आणि आतून म्हातारी ओरडून काहीतरी सांगत होती.

सकाळी ती काकूंकडे कॉफीचा मग घेऊन आली. खुर्ची जवळ ओढून तिने हलक्या आवाजात विचारलं, "यांना हे कधीपासून आहे?"

काकूंनी जरा आठवल्यासारखं केलं. "लग्नाआधीपासून," त्या म्हणाल्या. "तुमच्या यांना कालपासूनच ना? मग शिडी घेऊ देऊ नका."