उशीखालचं चिनी पुस्तक

दार जरा लोटून घ्या, मग सांगते.

आमचं शनिवारचं मँडरिन वाचनमंडळ. सात जण. कॉलेजातल्या पोरीपासून बँकेतून निवृत्त झालेल्या काकांपर्यंत. हे काका गेले सहा महिने सांगतायत, 'मी सध्या लू शुन वाचतोय.' लू शुन म्हणजे 1918 साली बोलीभाषेत वेड्याची रोजनिशी लिहून चिनी कथेचा तोंडवळाच बदलणारा माणूस. त्याचं नाव निघालं की आम्ही आपोआप सरळ बसायचो. परवा काकांनी एक शब्द दाखवायला म्हणून स्क्रीन शेअर केला, आणि शेजारची खिडकी मिटायची राहिली. ढग, तलवार, वाऱ्यावर केस सोडलेला देखणा तरुण. वर आकडा: प्रकरण 412.

अहो, लू शुनच्या आ क्यूची गाजलेली कथासुद्धा नऊ प्रकरणांत आटपते!

कोणी काही बोललं नाही. तेच तर वाईट.

तसं बघायला गेलं तर यात काका एकटे नाहीत. मँडरिन शिकणारी माणसं पहिली कादंबरी निवडताना जे काही करतात ना, त्यापुढे लग्नाची बोलणी बरी. पानं किती? लिपी सोपी केलेली की पारंपरिक? माणसं गावाकडची बोली तर बोलत नाहीत ना? लेखकाला चार अक्षरी म्हणींची सवय आहे का? महिनोन्महिने नुसती पाहणी. चिनी भाषेच्या जुन्या एचएसके परीक्षेची सहावी, म्हणजे शेवटची पायरी 5000 शब्दांची. ती चढून आलेले धडधाकट लोक कादंबरीच्या दुसऱ्या पानावर बसकण मारतात. मग 2021 साली चीनने नऊ पायऱ्या करून आकडा 11 हजारांवर नेला. बघा, म्हणजे त्यांनाही कल्पना होती!

एक गट म्हणतो, ओळखीचं घ्या, हॅरी पॉटर घ्या. चिनीत तो 'हाली पो-थ' होतो. पोथीच म्हणा ना, नेमानं वाचायला बरी. पण चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि विशेषनामाला वेगळी खूण नसते. आमच्यातल्या एकीने 'तंग-पू-ली-त्वो' ही चार अक्षरं शब्दकोशात सुटी सुटी पाहिली. पहिलं आडनाव, मग कापड, नफा, पुष्कळ. दोन दिवस ती समजत होती की शाळेच्या शेजारी तंग नावाचा कापडवाला आहे आणि त्याचा धंदा जोरात चाललाय. तो डंबलडोर निघाला! व्होल्डेमॉर्टचं नाव त्या मानाने फार नामी बसवलंय: 'फू-ती-मो', जमिनीला पोट लावून दबा धरलेला राक्षस.

दुसरा गट म्हणतो, कादंबरीकार यू ह्वा घ्या. या गटाचं तर नावच काढू नका. 'ह्वोच', म्हणजे 'जगणं', 1993 साली पुस्तकरूपात आलं, लहानसं आहे. नवशिक्यांना सगळे हेच सुचवतात, कारण भाषा साधी. गोष्ट एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडून येते. यू ह्वा पाच वर्षं लोकांचे दात उपटत होता, आणि मला फारशी अक्षरं येत नाहीत म्हणून सोपं लिहितो, असं स्वतःच गमतीने सांगतो. पण साधं म्हणून कोवळ्या जिवांच्या हातात द्यायचं का ते? नायकाचं नाव फूक्वेई, म्हणजे सुदैव आणि मानमरातब. तो पहिल्यांदा जमीन जुगारात घालवतो. मग मुलगा जातो रक्त काढून घेताना, मुलगी बाळंतपणात, बायको आजारात, जावई सिमेंटच्या फरश्यांमध्ये चिरडून, आणि नातू उकडलेले दाणे आधाशासारखे खाऊन. उरतो फूक्वेई आणि एक बैल. चांग यीमौने 1994 मध्ये सिनेमा केला, तेव्हा त्यालासुद्धा दया आली. बायको, जावई आणि नातू त्याने जिवंत ठेवले. आमच्यातल्या ठाण्याच्या मावशींचं हे पहिलं पुस्तक. त्या लेकीकडे सिंगापूरला गेल्या, लिफ्टमध्ये शेजारीण भेटली. बोलायला शब्द कोणते आले? रक्त, कर्ज, दफन, बैल. शेजारीण पुढच्याच मजल्यावर उतरली.

तिसरे ते अभिजातवाले. 'पश्चिमेची यात्रा' घेतात, शंभर प्रकरणं, कारण काय, तर ज्या ह्युएन त्संगावरून ती रचली तो सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या माणसांच्या मानीपणाबद्दल लिहून गेला. अभिमान ठीक आहे, पण सोळाव्या शतकातलं चिनी अभिमानाने कळत नाही. एका गृहस्थांकडे 'लाल महालातलं स्वप्न' आहे, 120 प्रकरणांचं. लॅपटॉपखाली उंचीला अगदी बरोबर बसतं.

पेकिंग विद्यापीठाने नवशिक्यांसाठी तीनशे शब्दांपासून सुरू होणाऱ्या गोष्टी काढल्यात. त्या सगळे वाचतात, कबूल कोणी करत नाही.

हं, तर काका. ती कादंबरी म्हणजे 'तौ फो त्सांगछ्युंग', 2009 ते 2011 इंटरनेटवर चढत गेलेली, सोळाशेवर प्रकरणांची. सुरुवातीलाच नायकाची वाग्दत्त वधू घरी येते आणि चारचौघांत ठरलेलं लग्न मोडते. पुढे पोराने काही पराक्रम केला की भोवतीची गर्दी काय करते? 'ताओ शी यी खौ ल्यांग छी.' गार हवेचा घोट आत ओढते. पहिल्यांदा शब्दकोश, दुसऱ्यांदा शब्दकोश, दहाव्यांदा तुम्हीच घोट ओढता. दर पन्नास शब्दांत एकच अडला तर वाचन सुरळीत चालतं, असं पॉल नेशन यांच्यासारखे संशोधक सांगतात. आणि सोळाशे प्रकरणं तेच तेच लिहिणाऱ्या लेखकाइतके ओळखीचे शब्द दुसरं कोण पुरवणार हो?

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याच शनिवारी आम्ही काकांना मुद्दाम लू शुनच्या 'खुंग यीजी'चं पान दिलं. त्यातला दरिद्री पंडित दारूच्या दुकानातल्या पोराला बडीशेप घातलेल्या बाकल्याच्या नावातलं 'ह्वेइ' हे अक्षर चार तऱ्हांनी कसं लिहायचं ते शिकवू बघतो. आमची पोरगी चार तऱ्हा शोधत बसली. काका पान वाचून मोकळे झाले, हसलेसुद्धा. नेमकं जिथे हसायचं तिथेच.

बुधवारपर्यंत त्या ढगवाल्या कादंबरीचा पत्ता मागणारे पाच खासगी निरोप काकांकडे गेले, म्हणे. मंडळात आम्ही सात. एक काका, पाच हे. माझं विचारू नका, मी नवव्या प्रकरणावर आहे. सातवा कोण राहिला, ते मात्र मला ठाऊक आहे. त्यांचा लॅपटॉप अजून तेवढ्याच उंचीवर आहे.