घरच्या घरी जगलिंग: पालकांसाठी मार्गदर्शिका

जगलिंग ही घरी शिकवता येण्याजोगी सर्कशीतली सर्वांत निरुपद्रवी विद्या होय. झोक्याला जाळी लागते, तारेला खांब लागतात आणि सिंह सोसायटीच्या नियमांत बसत नाही. सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. तेव्हा दिवाणखान्याला पर्याय नाही.

साहित्य म्हणून टेनिसचे चेंडू घेऊ नयेत. ते थेट सोफ्याखाली जातात आणि शिकाऊ कलाकाराचा निम्मा सराव पालथे पडून झाडूने चेंडू काढण्यात संपतो. त्याऐवजी जुन्या मोज्यांत ज्वारी भरून तीन पुरचुंड्या शिवाव्यात. त्या पडतील तिथेच बसतात. साबुदाणाही चालतो, पण एकादशीच्या आदल्या दिवशी चौकशी होते.

नवशिक्याची फेक नेहमी पुढे जाते आणि तिच्यामागे तोही चालू लागतो. म्हणून त्याला भिंतीकडे तोंड करून उभे करावे. त्या भिंतीवर टीव्ही नसावा.

आधी एकच पुरचुंडी डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमान घेत या हातातून त्या हातात जाऊ द्यावी. मग दोन. पहिली कमानीच्या माथ्यावर पोचली की दुसरी सोडायची. इथे बहुतेक मुले दुसरी वर फेकतच नाहीत. चोरीचा माल दिल्यासारखी आडवी सरकवतात. ही खोड मोडल्याशिवाय तिसरी हाती देऊ नये. ज्या हातात दोन, त्याने सुरुवात करावी.

वेळ पुरत नाही, ही तक्रार रास्त आहे. अर्धा मीटर उंच फेकलेली पुरचुंडी हवेत जेमतेम दोन तृतीयांश सेकंद राहते. दुप्पट वेळ हवा तर चौपट उंची, म्हणजे दोन मीटर. तिथे पोचण्याआधीच पंखा लागतो.

या काळात पालकांनी गप्प बसावे. “दे इकडे, मी दाखवतो” म्हणणाऱ्या वडिलांमुळे प्रशिक्षण हमखास लांबते. अभ्यासाची आठवण काढणाऱ्या नातेवाइकांना क्लॉड शॅनन या गणितज्ञाने जगलिंगचे प्रमेय मांडल्याचे सांगावे. “आपल्यात असलं कोणी केलं नाही” म्हणणाऱ्यांसाठी सांगली भागातले विष्णुपंत छत्रे पुरेसे आहेत. त्यांनी १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस काढली.

चौथ्या पुरचुंडीची घाई नको. चारांची नेहमीची रीतच निराळी. प्रत्येक हात आपापल्या दोन सांभाळतो, देवाणघेवाण नाही. ती शिवण्यास सबळ कारण एकच: तीन मोजे कापल्यावर एक बिनजोड उरतो.