प्लग न ओढणाऱ्यांची थोरवी

वीज मध्येच गेली तर लिहिलेल्या फाइल शाबूत राहतात का, हे पाहायला चालू सर्व्हरचा प्लग मुद्दाम ओढणारी माणसे या जगात आहेत. इतक्या संशयी स्वभावाच्या लोकांचे संसार कसे चालतात, देव जाणे. त्यांच्यापुढे आपला साधा, श्रद्धाळू इंजिनीअर किती लोभस वाटतो! प्रोग्राम म्हणाला ‘सेव्ह झाले’, याने मान डोलावली, विषय संपला. लिनक्समध्ये त्या घटकेला मजकूर बहुधा नुसता मेमरीत असतो आणि डिस्कपर्यंत पोचायला तीसेक सेकंदही घेतो, हे त्याने कधीतरी वाचलेले असते. पण वाचलेले सगळेच मनाला लावून घेतले तर जगणे मुश्किल.

चाचणी तो करत नाही असे मात्र कुणी म्हणू नये. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांना बोलावून तो टर्मिनलवर ‘किल -९’ मारतो. डेटाबेस जागच्या जागी मरतो. पुन्हा सुरू केला की सगळ्या नोंदी हजर! टाळ्या होतात, स्लाइडवर ‘पॉवर फेल्युअर टेस्ट : पास’ अशी हिरवी ओळ येते. यात फक्त प्रोसेस गेली, कर्नल जिवंत होता आणि मेमरीतला मजकूर त्याने सावकाश डिस्कवर नेला, असे पुटपुटणारा एखादा ज्युनिअर असतोच. गल्ल्यावरचा पोऱ्या हाकलला तरी गल्ला शाबूत राहतो, हे सिद्ध करायलाही धाडस लागते, हे त्या पोराला कळत नाही. त्याला पुढच्या मीटिंगला बोलावू नये.

संशयाने काय साधते ते 2009 साली दिसले. लिनक्सची ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम नवी होती. मशीन कोसळून पुन्हा उठली की काहींच्या सेटिंगच्या फाइल शून्य बाइटच्या निघत. लोक तक्रार घेऊन गेले, तर तिचे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांनी सांगितले की मजकूर डिस्कवर हवा असेल तर प्रोग्रामने एफसिंक करावे, नियमात त्याहून जास्त हमी नाही. म्हणजे चूक लिहिणाऱ्याची! (पुढे कर्नलमध्येच थोडी डागडुजी झाली, पण ती निव्वळ भिडेखातर म्हणायची.) एफसिंक केले की काम मंदावते, हे तर सर्वज्ञातच आहे. म्हणून एफसिंक गुपचूप गिळून टाकणारी एक लायब्ररी मिळते. तिचे नावच ‘ईट माय डेटा’. इतका प्रांजळपणा आजकाल कुठे पाहायला मिळतो?

बरे, एफसिंक केले तरी खाली डिस्क काय करते? 2013 च्या एका अभ्यासात संशोधकांनी पाच कंपन्यांच्या 15 एसएसडींची वीज तीन हजारांहून जास्त वेळा तोडली. तेरांनी काही ना काही घोळ घातला : अर्धवट लिहिलेले तुकडे, उलटसुलट क्रम, तर कुठे डिस्कच कायमची गतप्राण. चांगल्या चालत्या वस्तूंची ही हेळसांड! 2018 च्या आणखी एका अभ्यासात क्रॅशमंकी नावाचे साधन होते. ते प्लगलाही हात लावत नाही. डिस्ककडे निघालेले प्रत्येक लेखन टिपून ठेवते आणि ‘इथे वीज गेली असती तर?’ असे विचारत बसते. विचारता विचारता त्याने प्रचलित फाइल सिस्टिममधले दहा नवे दोष काढले. गणिताने बिनचूक ठरवलेल्या एफएससीक्यू या फाइल सिस्टिमलाही त्याने सोडले नाही. सिद्धता हातात असताना तपासायचे, याला आमच्याकडे आगाऊपणा म्हणतात.

त्याच वर्षी पोस्टग्रेस हा डेटाबेस घडवणाऱ्यांच्या लक्षात आले की लिनक्सवर एफसिंक एकदा अपयशी ठरले आणि पुन्हा केले, तर दुसऱ्या वेळी ‘झाले’ असे उत्तर येऊ शकते. मजकूर मात्र डिस्कवर नसतो. कर्नलने मेमरीतली त्याची पाने ‘स्वच्छ’ म्हणून केव्हाच निकालात काढलेली असतात. दुसऱ्या खेपेला गोड बोलणारी व्यवस्था आणखी कुठे सापडेल? पण पोस्टग्रेसवाले अरसिक. 2019 पासून पहिल्याच नकारावर डेटाबेस स्वतःला आडवा करतो आणि बदल आधीच टिपून ठेवलेल्या नोंदींवरून पुन्हा उभा राहतो. सुदैवाने त्यांनी ‘डेटा सिंक रिट्राय’ नावाची एक सेटिंग ठेवली आहे. ती ऑन केली की आडवे पडणे बंद. पहिला नकार लॉगमध्ये एक ओळ होऊन राहतो आणि दुसऱ्या खेपेच्या होकारावर काम पुढे सरकते. लॉग वाचायला तशीही कुणाची नेमणूक झालेली नाही.