निम्म्या पेठेचा काका

पुरुष काका होतो तो भावाला मूल झाल्यावर नव्हे. भाजीवाली म्हणते तेव्हा. भावाचं मूल बोलायला निदान दीड-दोन वर्षं लावतं, तेवढ्यात मनाची तयारी करता येते. भाजीवाली 'काका, कोथिंबीर देऊ का?' म्हणते आणि मामला तिथेच निकालात निघतो. मग रिक्षावाला, बँकेतली मुलगी, सिलिंडर आणणारा, सगळे त्याच निकालाची अंमलबजावणी करतात. मी तर केस पांढरे व्हायच्या आतच निम्म्या पेठेचा काका झालो. त्या रागातूनच हा शब्द जगात आणखी कोणाकोणाच्या माथी मारलाय, ते शोधायला बसलो.

पहिला दिलासा जवळच मिळाला. पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा, आपल्याकडचा बाळ्या. राजेश खन्ना अमृतसरला जन्मला आणि गिरगावात वाढला. म्हणजे घरच्या भाषेत बाळ्या असलेला पोरगा जिना उतरला की गिरगावच्या हिशेबाने थेट वडीलधारा! पुढे अख्खी सिनेसृष्टी त्याला काका म्हणू लागली, आणि ज्या मराठी मुली त्याच्यावर जीव ओवाळून टाकत होत्या, त्यांच्यापैकी एकीलाही आपण चुलत्यावर भाळलोय असं वाटलं नाही. कोथिंबिरीबरोबर मिळणाऱ्या काकात ही सोय नसते.

युरोपात मात्र मान खाली गेली. स्पॅनिश, फ्रेंच, हंगेरियन, फिनिश. यातल्या शेवटच्या दोघी पहिल्या दोघींच्या सोयरसुतकातल्याही नाहीत, तरी चौघींचं यावर एकमत आहे की काका, किंवा फार तर कक्का, म्हणजे तान्ह्या बाळाची शी. ब्राझीलच्या फुटबॉलपटू काकाला हे नाव पडलं ते धाकट्या भावाला 'रिकार्डो' म्हणता येईना म्हणून. २००७ साली 'बॅलन डी'ऑर' पटकावणारा हा गडी २००९ मध्ये माद्रिदला गेला. त्याच्या नावात जोर शेवटच्या 'का'वर, शीमध्ये तो पहिल्या 'का'वर. जोर एक अक्षर अलीकडे सरकला की जगातला सर्वोत्तम खेळाडू लंगोटात. 'ध'चा 'मा' काय फक्त आपल्याकडेच होतो?

स्वीडनमध्ये काका म्हणजे केक किंवा बिस्किट. तिथे कॉफीबरोबर काका खातात. आमच्याकडे काका बिस्किटं खातात आणि काकू डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवतात. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, बहुधा थोरला, आणि बहिणीला म्हणायचं दादा. तेव्हा पुण्याच्या दादालोकांनी नैरोबीत ओळख करून देताना जरा जपून. तमिळमध्ये काक्का म्हणजे कावळा, आणि 'कावळा धरणं' म्हणजे साहेबाची हांजी हांजी करणं. आपल्याकडे कावळा धरत नाहीत, दहाव्याला त्याची वाट बघतात. तिथेही तो लवकर येत नाही म्हणून सर्वांत जास्त कुरकुर काकाच करतात.

पण मला खरा आपला वाटला तो न्यूझीलंडचा. माओरी भाषेत काका म्हणजे पोपट, आणि 'पो' म्हणजे रात्र. म्हणून काकापो, रात्रीचा पोपट. वजन चार किलोपर्यंत जातं. उडणं सोडून दिलंय. दिवसा झोपायचं, रात्री पायी भटकायचं. विणीच्या हंगामात हा नर जमिनीत खळगा करून त्यात बसतो आणि रात्रभर छाती फुगवून घुमत राहतो. आवाज काही किलोमीटर जातो, मादी येईलच असं नाही. संकट आलं तर पळत नाही, जागच्या जागी गोठून उभा राहतो आणि आपण कोणाला दिसत नाही असं समजतो. आकाशातल्या शिकारी पक्ष्यांपुढे ही युक्ती चालत असे, माणसांनी आणलेल्या मांजरांपुढे चालली नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीपदासाठी नावं मागतात, तेव्हा आमच्या रांगेतले सगळे काका नेमके असेच बसतात.

आता शनिवारवाड्यात शिरल्यावाचून गत्यंतर नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे 'काका, मला वाचवा' म्हणत राघोबादादांकडे धावले, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. हीच हाक स्टॉकहोममध्ये दिली असती, तर समोर बिस्किटांची बशी आली असती. माद्रिदमध्ये एखादी आई हमखास धावली असती, पण बाळाचं भांडं घेऊन. न्यूझीलंडमध्ये हाक ज्याला दिली तो निश्चल उभा राहिला असता, म्हणजे पुण्यापेक्षा फारसं वेगळं घडलं नसतं.

राहिला जपान. तोक्योच्या वायव्येला गुन्मा नावाचा प्रांत आहे. तिथल्या बायका रेशमाचे किडे पाळत, सूत काढत, कापड विणत. पैसा त्यांच्या हातून येई, म्हणून घरात शब्दही त्यांचाच चाले. या कारभाराला जपानीत म्हणतात 'काकाऽ-देन्का', आणि २०१५ साली सरकारने गुन्म्याची ही रेशीमकथा राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातली. देन्का म्हणजे राज्य. काकाऽ, शेवट जरासा लांबवून, म्हणजे बायको. तेव्हा शनिवारवाडा गुन्म्यात असता आणि घाबरलेल्या पोराने दुसरा 'का' थोडा ताणला असता, तर ती हाक राघोबादादांना नव्हे, आनंदीबाईंना गेली असती. 'ध'चा 'मा' केल्याची कथा खरी मानली, तर निदान पत्ता तरी बरोबर होता.