चोखणी आणि सहा जणांचा रोजगार

बाळाच्या तोंडात काय घालावं आणि काय घालू नये, याचे नियम आमच्या मिरजेच्या घरात पहिल्यापासून ढिले आहेत. सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड, हिरडा आणि मुरडशेंग यांचे मोजून वळसे देऊन उगाळलेली गुटी चालते. टाळूवरच्या तेलाचा ओघळ चालतो. पाहुण्यांचं बोट चालतं, आणि ते बोट मघाशी कुठे होतं हे विचारायची आपल्यात पद्धत नाही. आजीने तर सोन्याच्या अंगठीला लावून मधही तयार ठेवला होता, पण डॉक्टर आडवे आले. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो, असं त्यांनी बजावल्यावर आजी म्हणाली, "मग नुसती अंगठी चाटवू?"

अशा उदार घरात माझ्या नणंदेने कोपनहेगनहून पाठवलेली चोखणी उतरली आणि एकेकाला तत्त्वं फुटली.

आता ठमाबाई (बारशाचं नाव वेगळं आहे, पण ते फक्त दाखल्यावर) संध्याकाळी रडत, हे खरं. तान्ही मुलं दुसऱ्या आठवड्यापासून जास्त रडू लागतात, सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याचा कळस होतो आणि तीन-चार महिन्यांत ते आपोआप ओसरतं. मी खाल्लेल्या वांग्याचा त्यात हात नाही. पण हे घरात बोलायची सोय नव्हती. वांगं निर्दोष सुटलं असतं तर आईला दुसरा आरोपी कुठून मिळणार?

दिवेलागणीला ठमाबाईंनी सूर लावला की घरात पाळ्या सुरू व्हायच्या. पहिली पाळी बाबांची. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना एकही अंगाई येत नाही. ते नातीला खांद्यावर टाकून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत आणि संथ लयीत म्हणत, "कोयनाऽऽ... एकशे पाच टीएमसीऽऽ... वारणाऽऽ... चौतीस टीएमसीऽऽ..." राधानगरीपर्यंत तिचे डोळे मिटू लागत आणि दूधगंगेला टक्क उघडत. बाबांच्या मते त्यात दूधगंगेचा दोष नव्हता. तो प्रकल्प आंतरराज्य आहे आणि कर्नाटकाचा विषय निघाला की कोणाचीही झोप उडते.

बाबा थकले की भाऊ. तो अंगणात बुलेट चालू करून उभा राहायचा. त्या धडधडीने ठमाबाई गप्प होत आणि शेजारचे काका जागे होत. मग आजी मीठ-मोहरी घेऊन यायची. दिवसभरात जो जो उंबरा ओलांडून आला त्याची दृष्ट नावानिशी काढायची. त्यात डॉक्टर आले, गॅसवाला आला आणि एकदा मतदार यादीवाल्या बाईही आल्या. आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोट शेकायची. मालिशवाल्या मावशींचं म्हणणं, रडू द्या, रडल्याने छाती भरते. पण हे म्हणत म्हणत त्याच आधी उचलून घ्यायच्या. नवरा शनिवारी पुण्याहून येई. त्याच्याकडे "मी घेऊ का?" एवढंच खातं होतं आणि तो ते निष्ठेने सांभाळत होता.

तर चोखणी. मोठ्यांनी तिला जो विरोध केला, तो वरवर पाहता आरोग्याच्या बाजूने होता.

"आमच्या वेळी असली थेरं नव्हती," आजी म्हणाली.

आई सहसा सासूच्या विरोधात जात नाही. गेलीच तर भाजी निवडत, मान वर न करता जाते. "अहो, तुम्ही ह्याला चिंधीत खडीसाखर बांधून द्यायचात की." ह्याला म्हणजे माझ्या भावाला.

"ते कापड होतं. घरचं."

नवऱ्याने लगेच मोबाइलवर ड्यूररचं चित्र काढून दाखवलं. १५०६ सालचं, बर्लिनच्या संग्रहालयात असलेलं. मेरीच्या मांडीवर बाळ येशू, आणि त्याच्या हातात तशीच चोखायची चिंधीची गाठ. चिंधीची परंपरा पाचशे वर्षांची आहे हे जावयाकडून ऐकून आजी खूश होईल अशी त्याची अटकळ होती. आजीने चष्मा लावून चित्र नीट पाहिलं. "बाळ गुटगुटीत आहे," ती म्हणाली, "पण हातावर पाखरू कसलं बसवलंय? डोळा फोडलान म्हणजे?"

बाबांनी विषय रीतसर मार्गाने हाताळला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली स्तनपानासाठी दहा पायऱ्या सांगितल्या. त्यातली नववी म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नका. २०१८ मध्ये त्या सुधारल्या आणि नवव्या पायरीत एवढंच राहिलं की बाटली, चोखणी यांचा वापर आणि धोके आईला समजावून सांगा. "म्हणजे पूर्वीचा शासन निर्णय अधिक्रमित," बाबा म्हणाले. त्यांना हा शब्द वापरायची संधी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळत होती. "आता अधिकार स्थानिक पातळीवर आले."

स्थानिक पातळी म्हणजे मी. पण मला कोणी विचारत नव्हतं.

मग नवऱ्याने एक गोष्ट वाचून दाखवली आणि त्यावर मात्र कोणी विनोद केला नाही. बाळ झोपताना चोखणी द्यावी, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. तान्ही मुलं झोपेत अचानक दगावतात, तो धोका त्याने कमी होतो असं दिसून आलं आहे. आजी उठून आत गेली. तिचं एक मूल असं गेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. ती बाहेर आली ती चोखणी धुऊन घेऊनच. "डॉक्टरांना विचारा एकदा," म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "हरकत नाही. गरजही नाही." एवढ्या दोन वाक्यांवर घरात दोन पक्ष पडले. पुढचं त्यांनी खुलासेवार सांगितलं: अंगावरचं पिणं एकदा नीट बसलं, की तीन-चार आठवड्यांनंतर द्यायला अडचण नाही. भुकेच्या वेळी चोखणी देऊन दूध लांबवायचं नाही. साखर, मध, काहीही लावायचं नाही. दोरीने गळ्यात तर कधीच अडकवायची नाही. सहा महिन्यांनंतर हळूहळू कमी करायची, नाहीतर कान दुखायचे प्रकार वाढतात. आणि पुढे वर्षानुवर्षं चालू राहिली तर दात पुढे येतात. भावाने नकळत तोंड मिटून घेतलं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ती ठमाबाईंच्या ओठांना लावली. आधी जिभेने बाहेर. पुन्हा लावली. मग एकदम पकड बसली. भुकेचं पिणं आणि नुसतं चोखणं यांची चाल वेगळी असते हे मला तेव्हा दिसलं. दूध पिताना सेकंदाला एखादा घोट, सावकाश. हे मात्र भराभर, पाच-सात वेळा, मग थांबा, मग पुन्हा पाच-सात. तेवढ्या वेळात कानाच्या पाळ्याही हलत होत्या. कपाळावरची आठी गेली, मुठी सुटल्या.

घर शांत झालं. कसली शांतता ती! मिरज जंक्शनवरची घोषणा पहिल्यांदाच खिडकीतून नीट ऐकू आली. व्हरांड्यात बाबा खांद्यावर दुपटं टाकून तयार उभे होते. भावाच्या हातात बुलेटची किल्ली होती, आजीच्या मुठीत मोहरी तडतडायची वाट पाहत होती, आणि तव्यावरची ओव्याची पुरचुंडी उगाच करपत होती. सहाच्या सहा जण एकमेकांकडे पाहत राहिले.

"बरं नाही का तिला?" आजीने विचारलं.

"ती कोयनेलाच झोपली," बाबा म्हणाले. "मी अजून वारणेवरही आलो नव्हतो."

त्या सुरात गिरणी बंद पडलेल्या कामगाराची कळ होती. इतक्या दिवसांच्या वादाचा उलगडा मला तिथे झाला. दात, कान, जंतू ही सगळी कागदावरची कारणं होती. कुणी रडतं म्हणून आपली गरज आहे, आणि ती गरज चार ग्रॅमच्या रबराने संपते, हे कोणत्या आजोबाला आवडेल?

पण चोखणी मालकधार्जिणी नाही, हे मध्यरात्रीच सिद्ध झालं. झोप गाढ झाली की ओठ सैल पडतात आणि चोखणी पडते. ती पडली की ठमाबाई जागतात. मग एकाने चोखणी शोधायची. ती हमखास पलंगाखाली, भिंतीच्या बाजूला, जुन्या ट्रंकेमागे जाते, म्हणून दुसऱ्याने टॉर्च धरायचा. तिसऱ्याने पाणी उकळायचं. चौथ्याने तोवर बाळाला खांद्यावर घेऊन धरणं म्हणायची. आठवडाभरात घरात पूर्वीपेक्षा जास्त कामं निघाली. आजीने उकळण्याचं खातं स्वतःकडे घेतलं आणि त्यासाठी वेगळं पातेलं नेमलं, ज्याला आता कोणी हात लावू शकत नाही.

नवऱ्याने एकदा पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून 'साफ' केली आणि तिला दिली. वर समर्थन असं, की २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांना आढळलं, ज्यांचे आईबाप चोखणी अशी चोखून देतात त्या मुलांना इसब कमी होतो. मोठ्यांच्या तोंडातले दात किडवणारे जंतूही त्याच वाटेने बाळाकडे जातात, हे दातांचे डॉक्टर सांगतात. ते त्याने वाचलं नव्हतं. आजीने तोही अभ्यास वाचला नव्हता, तिला एकच शब्द पुरला.

"उष्टं?"

तेव्हापासून जावयाला चोखणीच्या दोन हातांत फिरकायला बंदी आहे.

सध्या वाद पुढच्या टप्प्यावर आहे. सहा महिन्यांना अवकाश असला तरी चोखणी सोडवायची कशी, यावर बैठका सुरू झाल्या आहेत. नणंदेने फ्रेडरिक्सबर्गच्या बागेतल्या झाडाचा फोटो पाठवला. डेन्मार्कात मुलं मोठी झाली की आपली चोखणी रिबिनीने अशा झाडाला बांधून तिचा निरोप घेतात. फांद्या नुसत्या लगडलेल्या. आजीला हे फार पटलं. "नवसाचंच झाड की हे," ती म्हणाली, आणि आपल्या अंगणातला गुलमोहर तिने त्या कामी लावला. आईचाही गुलमोहरालाच पाठिंबा आहे. मावशींना मात्र झाडबीड मान्य नाही. चोखणीला कोरफडीचा गर चोपडायचा, पोर स्वतः फेकून देतं, असा त्यांचा खाक्या. त्यांनी गल्लीतली निम्मी मुलं अशीच सोडवली आहेत. त्यांनी कोरफडीचं रोप आणून परसात लावलंसुद्धा. भाऊ रोज गुलमोहराला पाणी घालतो, आणि त्या कोरफडीला कोणी थेंबभरही पाणी घालायचं नाही अशी आईची सक्त ताकीद आहे. कोरफडीला पाणी लागत नाही, हे मावशींनी तिला अजून सांगितलेलं नाही.