ऐंशी अक्षरांचं सोवळं

सोलापुरी चादरीवरचा मोर हा संगणकाचा चुलत आजोबा लागतो, असं मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा ते आधी चादरीकडे बघतात आणि मग माझ्याकडे. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात जुना जकार्ड माग चालू दिसला, तर मान वर करून बघा. वर दोऱ्याने ओवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. पट्टीला भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. असं हो-नाही करत करत मोराची मान वळते. एखादी पट्टी उलटी ओवली गेली, की मोराचं काही खरं नाही.

ही युक्ती फ्रान्समधल्या लियोंच्या जकार्डने १८०४ मध्ये जमवली. पुढे १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन होलेरिथने भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली, आणि १९२८ मध्ये आयबीएमने कार्डावर ८० रकाने आखले, एका रकान्यात एक अक्षर. कार्डं गेली, पण संगणकाचे पडदे आले ते ८० अक्षरांच्या ओळींचे. मग पडदे भिंतीएवढे झाले, तरी ‘कोडची ओळ ८० अक्षरांत संपवावी’ हे सोवळं लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या घरात २०२० पर्यंत पाळलं जात होतं.

असलं सोवळं कुणाला जाचतं, ते माझ्या भाच्याला विचारा. विजापूर रोडवरच्या घरात बसून तो रात्री दोनपर्यंत मुक्त सॉफ्टवेअरसाठी कोड लिहितो. “पगार किती देतात रे?” आजी विचारते. “काहीच नाही.” “मग झोप की गुमान!” आता फुकटात केलेलं काम हौसेने पाठवावं आणि उत्तर यावं, की सतरावी ओळ ८३ अक्षरांची झालीय! मग समजेलशी ठेवलेली नावं आखूड करा, सरळ ओळ मधूनच मोडा.

मे २०२० मध्ये लिनक्सच्या जन्मदात्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सपुरता निकाल लावला. काहींच्या खिडक्या अरुंद, म्हणून बाकीच्यांनी का अडून बसावं, असा त्याचा सूर होता. ओळी तपासणारा प्रोग्राम आता १०० अक्षरांपर्यंत तोंड उघडत नाही. ८० बरी, पण हट्ट नाही.

गंमत म्हणजे दुसऱ्या एका बाबतीत हाच गृहस्थ कमालीचा कर्मठ. लिनक्सवर आज चालणारा प्रोग्राम उद्याच्या आवृत्तीवरही चाललाच पाहिजे. मग तो लिनक्सच्याच एखाद्या चुकीच्या आधाराने का चालत असेना. ‘तुमचाच प्रोग्राम चुकीचा लिहिलाय’ ही सबब तिथे खपत नाही. लिनक्सच्या गाभ्याच्या आत मात्र एका भागाने दुसऱ्याशी कसं बोलायचं, हे कधीही बदलतं. बदल करणाऱ्याने त्यामुळे अडणारा तिथला बाकीचा कोडही दुरुस्त करून द्यायचा, एवढीच अट. वापरणाऱ्याला दिलेला शब्द पाळायचा आणि राबणाऱ्याला आत हातपाय पसरू द्यायचे, ही वाटणी मला पटते. ‘जुनं जपा’ म्हणून बजावणाऱ्यांना ते रोज झाडावं-पुसावं लागत नाही, हे विसरून चालत नाही.

जपण्यालाही शेवटी हद्द असतेच. १९९१ मध्ये लिनक्सने पहिलं पाऊल टाकलं ते इंटेलच्या ३८६ चिपवर. २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.८ आवृत्तीने त्याच ३८६ ला रजा दिली. त्या म्हाताऱ्या चिपसाठी आतल्या कोडमध्ये वेगळ्या सोयी सांभाळत बसावं लागायचं. निरोप देताना टोरवाल्ड्सने डोळे पुसल्याची नोंद नाही.

आमचा भाचा मात्र हल्ली पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत रमलाय. पायथॉनच्या अधिकृत शैलीपुस्तिकेत ओळीची मर्यादा अजूनही ७९ आहे.